जुन्या गाडीचा खरा भाव कसा काढायचा: बेळगाव सीमाभागातल्या गाडीवाल्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात जुनी गाडी विकायला काढली की चार दिवसांत चार भाव कानावर येतात. मेव्हणा म्हणतो पाच लाख सहज येतील. शोरूमवाला एक्स्चेंजमध्ये पावणेचार सांगतो. यार्डवाला गाडीभोवती एक फेरी मारतो आणि 'बाजार पडलाय वो' म्हणतो. मोबाइलवर तीच गाडी कुणीतरी साडेपाचला लावलेली असते. यातला खरा कुठला? खरं म्हणजे एकही नाही, आणि थोडाथोडा प्रत्येक. भाव शेवटी ठरतो तो कागद कसे आहेत, पासिंग कुठलं आहे आणि गाडी कुणाला विकायची यावर. इंजिन त्यानंतर. सीमाभागात तर हा क्रम फारच पक्का आहे, कारण इथं तासाभराच्या अंतरात तीन राज्यांच्या नंबरप्लेटी फिरतात.

खाली जे लिहितोय ते विकणाऱ्याच्या बाजूनं आहे. घेणाऱ्यालाही तेच उपयोगी पडेल, फक्त उलट्या बाजूनं वाचायचं.

आधी आरसी नीट वाचा

आरसी खिशात वर्षानुवर्षं असते, पण ती वाचलेली नसते. भावासाठी तिच्यातल्या पाच-सहा गोष्टी बघायच्या.

पहिली, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि नोंदणीची तारीख. गाडी जानेवारी २०१९ ला रस्त्यावर आली असेल, पण बनलेली ऑगस्ट २०१८ ची असेल, तर बाजार तिला २०१८ चीच धरणार. 'एकोणीसची गाडी' म्हणून जाहिरात टाकलीत की पहिलाच गिऱ्हाईक आरसीवर बोट ठेवतो आणि तिथून पुढं तुमच्या प्रत्येक शब्दावर शंका घेतो.

दुसरी, मालक कितवा. पहिला मालक आणि दुसरा मालक यांत भावाचा फरक पडतो. तिसऱ्याला तर गिऱ्हाईक तोंडच वाकडं करतं. गाडी वडिलांच्या नावावरून तुमच्या नावावर आली असली तरी कागदावर तुम्ही दुसरेच. घरातल्या घरात बदल झाला आहे हे सांगा, पटतं, पण जाहिरातीत 'सिंगल ओनर' लिहू नका.

तिसरी, इंधन. बाहेर सीएनजी किट बसवलं असेल आणि आरसीवर चढवलेलं नसेल, तर ते किट भाव वाढवत नाही, कमी करतं. घेणाऱ्याला उद्या विम्याची आणि आरटीओची कटकट दिसते.

चौथी, एचपी. म्हणजे आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा. कर्ज कधीच फिटलं, पण बोजा काढलेलाच नाही, अशा गाड्या आपल्याकडे खूप. शहरी बँकेचं कर्ज असेल तर एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा काढायचा फॉर्म ३५ मिळवणं हे एका चकरेचं काम. पण निपाणी-बेळगाव भागात सौहार्द सहकारी संस्था आणि पतसंस्थांचं कर्ज भरपूर चालतं. त्यातली एखादी शाखा बंद झाली, दुसऱ्या संस्थेत विलीन झाली, की सहीसाठी कुणाच्या दारात जायचं तेच कळत नाही. भाव विचारायला सुरुवात करण्याआधी हे काम हातात घ्या. एचपी असलेली गाडी यार्डवाला घेतो, पण त्या त्रासाची किंमत तुमच्याकडूनच वसूल करतो.

पाचवी, नोंदणीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढते. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५००० रुपये झाली, आणि तपासणीत पास होण्यासाठी करावी लागणारी डागडुजी वेगळी. तेरा-चौदा वर्षांच्या गाडीचा भाव म्हणूनच अचानक घसरतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीची चर्चा झाली तेव्हा इकडेही 'डिझेल आता भंगारात' अशी हवा उठली. ते नियम दिल्ली परिसराचे. कर्नाटकात दहा वर्षांची डिझेल गाडी आजही कायदेशीर चालते. कुणी ती भीती घालून भाव पाडत असेल तर ऐकून घ्या आणि पुढं चला.

सहावी, जुने दंड. सरकारच्या परिवहन संकेतस्थळाच्या ई-चलान पानावर गाडीचा नंबर टाकून बघा. गोव्यात सहलीला गेला असताना पडलेलं चलान, पुणे रस्त्यावरच्या कॅमेऱ्यातलं चलान, सगळं तिथं दिसतं. घेणारा बघणारच आहे, त्याआधी तुम्ही बघून भरा.

पासिंग: इथल्या भावाचं खरं गणित

बेळगाव पासिंग म्हणजे केए-२२, चिक्कोडी केए-२३, बैलहोंगल केए-२४, गोकाक केए-४९. या चारांत भावाचा फारसा फरक पडत नाही. राज्य एकच, कर एकच. फरक पडतो तो शेजारी एमएच-०९ कोल्हापूर, एमएच-०७ सिंधुदुर्ग किंवा गोव्याची जीए प्लेट लागली की.

कर्नाटकात मोटारीचा आजीवन कर देशात जड म्हणावा असाच आहे: पाच लाखांपर्यंतच्या गाडीला १३ टक्के, पाच ते दहा लाखांना १४, दहा ते वीसला १७, वीसच्या वर १८, आणि त्या करावर पुन्हा उपकर. गोव्यात कर हलका. त्यामुळं तीच गाडी, तेच मॉडेल, गोव्याच्या प्लेटवर बेळगावपेक्षा स्वस्त दिसते. मोबाइलवर जाहिराती चाळताना म्हापशाची गाडी बघून 'अरे, इतक्या कमीत!' असं वाटतं ते याच कारणानं. तो भाव तुमच्या केए-२२ गाडीला लावायचा नाही.

हिशोब असा मांडा. समजा गोव्यातली गाडी नवी असताना सहा लाखांची होती. बेळगावात कायमची आणायची तर इथला कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो. गाडीच्या वयाप्रमाणे करात सूट मिळते. सात-आठ वर्षांच्या गाडीला समजा मूळ कराच्या साठ टक्के लागला, तर ८४,००० चे साठ टक्के म्हणजे ५०,४००, वर उपकर, वर एनओसी आणि एजंटचा खर्च. साठ हजारांच्या आसपास गेले. म्हणजे चार लाखांची गोवा गाडी बेळगावात चार-साठला पडली. तुमची केए-२२ गाडी तेवढ्याच अवस्थेत असेल तर तिची किंमत चार-साठच्या बाजूची, चारची नव्हे. नेमका आकडा परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा आरटीओच्या खिडकीवर विचारून घ्या, पण गणिताची पद्धत हीच.

उलट बाजूही बघा. तुमची गाडी केए-२२ आहे आणि गिऱ्हाईक चंदगडचं किंवा गडहिंग्लजचं आहे. आपल्याकडे नात्यागोत्यात हे नेहमी होतं. सोयरीक सीमा बघून होत नाही. त्या माणसाला महाराष्ट्राचा कर भरावा लागणार, म्हणून तो भाव पाडूनच मागणार, आणि त्याचं बरोबरही आहे. कर्नाटकात भरलेल्या आजीवन कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तिकडं नवा नंबर लागल्याचे कागद दाखवून अर्ज करावा लागतो, आणि पैसे लगेच हातात येत नाहीत. व्यवहार करताना हा परतावा कुणाचा, तुमचा की त्याचा, हे आधीच लिहून ठेवा. न बोललेल्या या एका गोष्टीवरून पाहुण्यांत वाकडं आलेलं मी बघितलंय.

'नंबर बदलायची गरज नाही, तशीच चालवा' असं सांगणारे भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो. सीमाभागात हे सर्रास मोडलं जातं हे खरं, पण मोडलं जातं म्हणून घेणारा त्याचे पैसे मोजत नाही.

बाजारभाव गोळा करण्याची पद्धत

आता मोबाइल हातात घ्या. ओएलएक्स, कारवाले, ऑरेंज बुक व्हॅल्यू यांसारख्या ठिकाणी तुमचं मॉडेल, व्हेरियंट, वर्ष आणि इंधन टाका. व्हेरियंट नेमका हवा. एलएक्सआय आणि झेडएक्सआय यांच्यात भरपूर अंतर असतं. शोधाची हद्द बेळगाव, हुबळी, धारवाडपर्यंत ठेवा. कोल्हापूरचे भाव नुसते तुलनेसाठी बघा, पासिंगचा फरक डोक्यात ठेवून. बंगळूरचे भाव सरळ सोडून द्या. तिथली मागणी वेगळी आणि तिथल्या गाड्या वेगळ्या राबलेल्या.

पाच-सात जाहिराती वहीत लिहा. समजा आकडे असे आले: ४.४५, ४.६०, ४.७५, ४.७५, ४.९०, ५.६०. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा काढून टाका. उरलेल्यांची सरासरी ४.७५. हा झाला सांगायचा भाव. व्यवहार या आकड्यावर होत नाही. आपल्याकडे घासाघीस धरूनच आकडा सांगतात, त्यामुळं पाच-सात टक्के खाली या: ४.४० ते ४.५०. जी जाहिरात दोन महिने तशीच पडून आहे, तिचा भाव चुकलाय असं समजा आणि हिशोबात घेऊ नका.

मग शोरूमला फोन करून त्याच गाडीची आजची नवी ऑन-रोड किंमत विचारा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सध्या तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर आधी २८ टक्के आणि वर सेस होता. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली सरकतो, कारण घेणारा मनात म्हणतो, 'अजून लाखभर घातले तर नवी येते की.' तुमच्या शेजाऱ्यानं २०२५ च्या उन्हाळ्यात चांगल्या भावाला विकली असेल. तो आकडा आता विसरा.

विम्याच्या कागदावरची आयडीव्ही बघून बरेच लोक तोच भाव धरून बसतात. आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ठरलेल्या तक्त्यानं काढलेला आकडा: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घसारा, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. पाच वर्षांनंतर कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायची. गाडी काचेसारखी ठेवली काय आणि उसाच्या ट्रॉलीला घासली काय, तक्त्याला फरक पडत नाही. बाजाराला पडतो. एक मात्र लक्षात ठेवा: नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसतो, तुमचा असतो. विकताना तो राखून ठेवल्याचं पत्र विमा कंपनीकडून घ्या, पुढच्या गाडीला ५० टक्क्यांपर्यंत उपयोगी पडतो. तो 'भावात धरून' देऊन टाकू नका.

यार्डवाला काय बघतो

उद्यमबागकडे एखाद्या जुन्या यार्डवाल्याला गाडी बघताना बघा. तो बॉनेट आधी उघडत नाही. दार उघडून चौकटीवरचं काळं रबर बोटानं ओढतो आणि आतल्या पत्र्यावरचे कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल खड्डे मोजल्यासारखं बघतो. खड्डे एका ओळीत आणि सारख्या अंतरावर असले तर पत्रा मूळचा. मध्येच गायब झाले, किंवा तिथं पुट्टीचा गुळगुळीतपणा लागला, तर ती बाजू ठोकलेली. मग दाराच्या बिजागरीचे बोल्ट: रंग उडालेला, पाना लागल्याची खूण असली तर दार एकदा तरी उतरलंय. एवढं झाल्यावरच तो म्हणतो, 'काका, मागं कुठं लागलं होतं काय?' तेव्हा त्याला उत्तर आधीच माहीत असतं.

हेच तुम्ही घरी करा, आणि आपल्या भागातल्या तीन गोष्टी जास्त बघा.

पहिली पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकाच वेळी चढल्या. गोकाक, चिक्कोडी, अथणीकडे पाणी घराघरांत होतं, तिकडं कोल्हापूर-सांगली बुडालं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा. त्या पाण्यातून निघालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या आणि अजून हातोहात फिरतायत. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. नेहमी आत गुंडाळलेला शेवटचा हात-दीड हात बघा. तिथं गाळाची रेघ असेल तर गाडी बुडालेली. पायाखालचं कार्पेट उचला, सीटच्या पाट्यांखालचे स्क्रू बघा, स्टेपनीचा खड्डा बघा. तुमची गाडी त्या वर्षी त्या भागात होती, पण बुडाली नव्हती, तर हे सगळं गिऱ्हाईकाला स्वतः उघडून दाखवा. शंका फिटली की भाव टिकतो.

दुसरी गंजाची. वेंगुर्ले, मालवण, कारवार, गोवा इथं राहिलेल्या गाडीला खारा वारा लागलेला असतो. दाराच्या खालची कड, सायलेन्सर, मागच्या चाकांच्या कमानी आतून बघा. खानापूर-जांबोटी भागातली गाडी असेल तर लाल माती आणि पावसानं तळ खाल्लाय का, ते लिफ्टवर चढवून मेस्त्रीला दाखवा.

तिसरी टॅक्सीची. गोव्यात काळ्या प्लेटवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्यानं द्यायच्या गाड्या असतात. त्या काही वर्षांनी खासगी करून विकल्या जातात. मीटर कमी दाखवतो, पण पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंग तुकतुकीत, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलेली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर देऊन जुन्या नोंदी मागा, प्रत्येक सर्व्हिसला किती किलोमीटर होते ते कळतं. तुमच्या गाडीच्या नोंदी सरळ असतील तर तो छापील कागद काढून ठेवा. त्याचे पैसे मिळतात.

टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी घेणारा बदलण्याचाच खर्च धरतो. चार टायर, बॅटरी, क्लच, विमा संपत आला असेल तर त्याचा हप्ता, प्रत्येकाचा आजचा खर्च वहीत लिहा. ही वजावट तुम्हीच आधी केलीत की समोरचा तीच फुगवून सांगू शकत नाही. घाटात ओढ बघायची तर वंटमुरीचा चढ तिसऱ्या-चौथ्या गिअरवर घ्या, क्लच घसरत असेल तर आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही. डेंटिंग-पेंटिंगवर विकण्याआधी मोठा खर्च करू नका. नवा रंग बघून लोकांना वाटतं काहीतरी झाकलंय. धुणं, आतली सफाई, फुटका दिवा, वायपर, एवढं पुरे.

तीन भाव, तीन गिऱ्हाईकं

आपल्या उदाहरणात बाजारभाव ४.४५ धरला. टायर आणि विमा मिळून पंचवीस हजार गेले, म्हणजे ४.२०. डायरेक्ट पार्टीला हा भाव मिळायला हवा. यार्डवाल्याला त्यातून आपला नफा, दुरुस्ती, गाडी पडून राहिली तर अडकलेला पैसा काढायचा असतो, शिवाय नोंदणीकृत व्यापाऱ्याला नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटीही लागतो, तो ३.७५ ते ३.९० मागणार. त्याला चोर म्हणू नका. तुम्हाला पैसे उद्या हवेत आणि अनोळखी माणसांना रविवारी गाडी दाखवत बसायचं नसेल, तर तो फरक ही त्या सोयीची फी. एक्स्चेंजमध्ये आकडा कधी फुगवून सांगतात आणि नव्या गाडीवरची सूट कमी करतात. म्हणून नव्या गाडीची शेवटची किंमत एक्स्चेंजशिवाय वेगळी लिहून घ्या आणि मगच जुनीचा विषय काढा.

किमान तीन ठिकाणी गाडी प्रत्यक्ष दाखवा आणि तिघांकडून आकडा व्हॉट्सॲपवर लेखी मागा. फोनवरचा भाव गाडी दारात आली की वीस हजारांनी उतरतो. ऑनलाइन कंपन्यांचा अंदाजही असाच. तपासणीनंतरचा आकडा तेवढा खरा.

वेळही बघा. पितृपक्षात गिऱ्हाईक फिरकत नाही, दसरा-दिवाळीला फिरतं. चिक्कोडी-अथणी-निपाणीकडे उसाचं बिल हातात आलं की गाड्यांची विचारणा वाढते. डिसेंबर संपला की गाडी कागदावर एका वर्षानं म्हातारी होते, त्यामुळं विकायचीच असेल तर नोव्हेंबर बरा.

इसार ते ट्रान्सफर

भाव पटला की इसार घ्या आणि पावतीवर ठरलेली रक्कम, उरलेली कधी, ट्रान्सफरचा खर्च कुणाचा, हे लिहा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर त्याआधी फॉर्म २८ ची एनओसी. आरटीओला कळवायची तुमची मुदत राज्यात १४ दिवस, राज्याबाहेर ४५ दिवस. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून 'एजंट बघतो' म्हणत गाडी सोडू नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला मालक तोच. गाडी प्रत्यक्षात चौथ्या हातात गेली असली तरी. यार्डवाला गिऱ्हाईक मिळेपर्यंत तुमच्याच नावावर गाडी ठेवणार असेल, तर नाव बदलेपर्यंत त्याची काही रक्कम तुमच्याकडे किंवा तुमची त्याच्याकडे अडकवून ठेवण्याची बोलणी होतात; यात तुम्हाला सोयीची ती अट आधी मांडा.

चावी देताना डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ, अगदी 'संध्याकाळी ५.४०' असा मिनिटांपर्यंत, दोघांच्या सह्या, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स, मीटरचा आकडा. फास्टॅग काचेवरून काढून बँकेत बंद करा, नाहीतर कोगनोळीचा टोल पुढचे कित्येक दिवस तुमच्याच खात्यातून कापला जाईल. पंधरा दिवसांनी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते बघा, आणि बदललं नसेल तर त्याच दिवशी फोन लावा.